घरचे हाडांचे सूप : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे हाडांच्या सुपाविषयी इतके प्रश्न आले की या वेळचे संपूर्ण सदर त्याच एका विषयाला दिले आहे. पत्रे वाचताना दोन टोके दिसतात. काही वाचकांना हे सूप सांधेदुखीपासून केसगळतीपर्यंत सगळ्यावरचे औषध वाटते. काहींनी ते एकदा करून पाहिले, ते पाण्यासारखे पातळ झाले आणि त्यांनी पुन्हा त्या वाटेला न जाण्याचे ठरवले. माझे मत असे आहे की हे सूप उत्तम अन्न आहे आणि अन्न म्हणून त्याची जी काळजी घ्यायला हवी, तिच्याकडेच औषधी गुणांच्या चर्चेत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते.

प्रश्न : मी दीड किलो नळ्या आणून सहा तास उकळल्या. सूप फ्रीजमध्ये ठेवल्यावर वर चरबीचा जाड थर जमला, पण खाली पाणीच राहिले. इतरांचे सूप जेलीसारखे थिजते, मग माझे का थिजत नाही?

उत्तर : आपल्या हातून उकळण्यात काही चुकलेले नाही, हाडांची निवड वेगळी व्हायला हवी होती. सूप थिजते ते जिलेटिनमुळे, आणि जिलेटिन तयार होते कोलॅजेन या प्रथिनापासून. कोलॅजेनचे रेणू तीन साखळ्यांचा पीळ दिल्यासारखे असतात. ओल्या उष्णतेत, साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या पुढे, हा पीळ सुटू लागतो आणि सुटलेल्या साखळ्या पाण्यात उतरतात. सूप थंड झाले की याच साखळ्या एकमेकींत पुन्हा गुंततात, मधले पाणी धरून ठेवतात आणि सूप थरथरणाऱ्या जेलीसारखे होते.

आता हे कोलॅजेन जनावराच्या शरीरात कुठे असते, ते पाहू. टणक हाडातही ते भरपूर असते. कोरड्या हाडाच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग मुख्यतः कोलॅजेनचाच असतो. पण तिथे ते खनिजांत घट्ट अडकलेले असल्यामुळे फार सावकाश सुटते. सांध्यावरची पांढरी कूर्चा, हाडाला मांस बांधून ठेवणाऱ्या चिवट पांढऱ्या दोऱ्या, कातडी आणि पाये यांतले कोलॅजेन मात्र काही तासांत मोकळे होते. नळीच्या मधल्या भागात यांपैकी फारसे काही नसते. तिच्या पोकळीत मगज असतो आणि प्रौढ जनावराच्या नळीतला मगज बहुतांशी चरबीच असतो. आपल्या भांड्यात वर आलेला जाड थर त्याचाच आहे. नळीने सुपाला चव आणि स्निग्धता येते, घट्टपणा येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी निम्मी हाडे सांध्यांची घ्यावीत: गुडघा, मान, शेपटी आणि शक्य असल्यास पाये. कोंबडीचे सूप करायचे असेल तर पाठीचा सांगाडा, पंखांची टोके आणि स्वच्छ केलेले पंजे घ्यावेत. पंजे म्हणजे जवळजवळ निव्वळ कातडी, कूर्चा आणि लहान सांधे, त्यामुळे किलोभर हाडांमागे चार-सहा पंजे घातले तरी फरक लगेच जाणवतो. मांस विकणाऱ्याला "सूपसाठी सांध्याची हाडे द्या आणि मोठी असतील तर तोडून द्या" असे स्पष्ट सांगावे. दुसरे कारण पाण्याचे असू शकते. एक किलो हाडांना दोन लिटर पाणी पुरते. हाडे बुडून वर दोन बोटे पाणी राहिले की थांबावे. मोठे पातेले दिसले की ते भरण्याचा मोह होतो, आणि निम्म्या वेळा सूप पातळ राहण्याचे कारण तेवढेच असते.

न थिजलेले सूप वाया गेले असे मात्र समजू नये. चरबी काढून, हाडे गाळून, ते उघड्या भांड्यात मंद आचेवर निम्मे होईपर्यंत आटवावे. त्यात जिलेटिन थोडे जरी असले तरी आटल्यावर दाटपणा येतो. याउलट फार काळ उकळणेही बरे नाही, कारण दिवस-दिवस उष्णता मिळत राहिली तर जिलेटिनच्या साखळ्याच तुटून आखूड होतात आणि त्यांची थिजण्याची ताकद कमी होते. किती झाले हे कळण्यासाठी चमचाभर सूप बशीत घेऊन फ्रीजमध्ये ठेवावे. थोड्या वेळाने बशी तिरकी केल्यावर ते ओघळण्याऐवजी थबकले, तर आच बंद करायची वेळ झाली.

प्रश्न : माझे सूप नेहमी गढूळ होते आणि त्याला उग्र वास येतो. स्वच्छ, सोनेरी सूप कसे करावे?

उत्तर : गढूळपणा आणि वास या दोन्हींचे मूळ बहुधा पहिल्या अर्ध्या तासात असते. हाडे गार पाण्यात घालून एक उकळी येऊ द्यावी, पाच मिनिटे उकळू द्यावीत आणि ते सगळे पाणी ओतून टाकावे. हाडे नळाखाली धुवावीत, त्यांना चिकटलेले काळसर रक्त बोटाने काढावे आणि भांडेही घासून घ्यावे. या पाण्याबरोबर चव जाते असे अनेकांना वाटते. जाते ती अगदी थोडी, आणि उग्र वासाचा बराचसा भाग मात्र निघून जातो.

त्यानंतर हाडे पुन्हा गार पाण्यातच चढवावीत. गार पाण्यापासून सुरुवात केली की मांसातील विरघळणारी प्रथिने सावकाश गोठतात, त्यांच्या मोठ्या गुठळ्या होऊन फेसाबरोबर वर येतात आणि झाऱ्याने सहज काढता येतात. एकदम उकळत्या पाण्यात हाडे टाकली तर तीच प्रथिने बारीक कणांच्या रूपात सगळ्या सुपात पसरतात. पहिली उकळी येण्याच्या बेतात असतानाच आच अगदी कमी करावी. पृष्ठभागावर इथे-तिथे एखादा बुडबुडा फुटत राहावा, एवढीच हालचाल पुरे. खळखळ उकळी आली की सुटलेली चरबी फेटली जाऊन तिचे सूक्ष्म थेंब पाण्यात मिसळतात. मग सूप दुधासारखे पांढरट होते आणि कितीही गाळले तरी स्वच्छ होत नाही. झाकण ठेवायचे असेल तर तिरके ठेवावे, कारण पूर्ण बंद झाकणाखाली मंद आचेवरही उकळी जोर धरते. सूप ढवळू नये.

गडद रंग आणि भाजल्याचा स्वाद हवा असेल तर पहिली उकळी देऊन धुतलेली हाडे पुसून कोरडी करावीत आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर तीस ते चाळीस मिनिटे खरपूस होऊ द्यावीत. काळी मात्र पडू देऊ नयेत. जळकट कडूपणा शेवटपर्यंत जात नाही. कांदा, गाजर, सेलरी, मिरी, तमालपत्र हे सगळे शेवटच्या तासाभरात घालावे, कारण भाज्या दहा तास शिजल्या की त्यांचा लगदा होतो आणि चव बेचव होते. मीठ सूप गाळल्यानंतरच घालावे. सूप आटत जाते पण मीठ तेवढेच राहते, त्यामुळे सुरुवातीला बेताचे वाटलेले मीठ शेवटी खारट लागते.

कोंबडीच्या हाडांना मंद आचेवर चार ते सहा तास आणि बकरा किंवा मेंढीच्या हाडांना आठ ते दहा तास लागतात. माशाचे सूप अर्ध्या ते पाऊण तासात उतरवावे. माशांचे कोलॅजेन कमी तापमानाला सुटते आणि हाडे जास्त शिजली तर सूप कडवट होते. कल्ले आधीच काढून टाकावेत.

प्रश्न : प्रेशर कुकरमध्ये केलेले सूप कमी प्रतीचे असते का? तासन्‌तास गॅस जाळणे मला परवडत नाही.

उत्तर : अजिबात कमी प्रतीचे नसते. उलट बंद भांड्यातील दाबाचा इतिहासच हाडांपासून सुरू झाला आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ डेनी पापँ यांनी १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफेच्या दाबावर शिजवणारे जे यंत्र दाखवले, ते हाडे मऊ करण्यासाठीच होते. दाबाखाली पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळते आणि त्या तापमानाला कोलॅजेन कितीतरी वेगाने सुटते. कोंबडीच्या हाडांना तासभर आणि बकऱ्याच्या हाडांना दोन ते अडीच तास पुरतात.

मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, आणि वरचे वजन वा व्हॉल्व्ह ज्या भोकावर बसतो ते भोक आधी तपासून घ्यावे, कारण चरबी आणि फेस तिथे अडकू शकतात. दुसरी गोष्ट शिट्यांची. दाब स्थिर असताना कुकरच्या आत पाणी जवळजवळ शांत असते. शिटी झाली की दाब एकदम उतरतो, आत जोराची उकळी फुटते आणि सूप गढूळ होते. म्हणून पहिली शिटी होताच आच इतकी कमी करावी की दाब टिकेल पण शिट्या होणार नाहीत, आणि शेवटीही वाफ हाताने न सोडता कुकर आपोआप उतरू द्यावा. शिट्या होत राहिल्या तर वाफेबरोबर पाणीही जाते, हे दोन तासांच्या शिजवणीत विशेष लक्षात ठेवावे.

प्रश्न : सुपात व्हिनेगर घातल्याने हाडांतील कॅल्शियम उतरते असे सांगतात. माझी हाडे तर शेवटी बोटाने चुरडली गेली. म्हणजे कॅल्शियम सुपात आलेच ना?

उत्तर : हाड चुरडले गेले याचा अर्थ त्याला चिवटपणा देणारे कोलॅजेन निघून गेले. कॅल्शियम त्या भुग्यातच आहे, आणि तो भुगा आपण फेकून देतो. १९३४ साली मॅकान्स, शेल्डन आणि विडोसन या ब्रिटिश संशोधकांनी हाडांच्या सुपाचे पृथक्करण करून पाहिले, तेव्हाही त्यात कॅल्शियम थोडेच आढळले. सुपात भाज्या घातल्याने खनिजांत जी भर पडली ती लक्षणीय होती. दोन चमचे व्हिनेगर दोन लिटर पाण्यात इतके विरळ होते, आणि हाडातील खनिज ते इतके लवकर शोषून घेते, की परिणाम फारच तोकडा होतो. थोडासा आंबटपणा चवीला बरा वाटत असेल तर व्हिनेगर जरूर घालावे. कॅल्शियमसाठी दूध, दही, हिरव्या पालेभाज्या आणि काट्यांसकट खाल्ले जाणारे लहान मासे यांच्यावर भिस्त ठेवावी.

याच पत्रात शिशाबद्दलही विचारले आहे. जनावराच्या शरीरात गेलेले शिसे हाडांत साठते, त्यामुळे शंका रास्त आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा ब्रिटिश अभ्यासात कोंबडीच्या सुपात लिटरमागे साधारण ७ ते ९.५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले होते, तर नुसत्या उकळलेल्या पाण्यात ते १ मायक्रोग्रॅमहून कमी होते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. आठवड्यातून काही वेळा वाटीभर सूप घेणाऱ्या प्रौढाने घाबरून जावे असे यात काही नाही. पण रोज अर्धा-अर्धा लिटर पिण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी, आणि विशेषतः गरोदर स्त्रियांनी, प्रमाण आवरते घ्यावे.

प्रश्न : वडिलांचे गुडघे झिजले आहेत. हाडांचे सूप रोज दिले तर कूर्चा भरून येईल का? त्यांना रक्तदाबही आहे.

उत्तर : आपली तळमळ समजते, म्हणूनच स्पष्ट लिहितो. सुपातले जिलेटिन जसेच्या तसे गुडघ्यात जाऊन बसत नाही. पचनात त्याचे तुकडे होऊन अमिनो आम्ले आणि त्यांच्या लहान साखळ्या होतात, आणि त्या कुठे वापरायच्या हे शरीर आपल्या गरजेप्रमाणे ठरवते. शिवाय जिलेटिन हे अपुरे प्रथिन आहे. त्यात ग्लायसिन विपुल असते, पण ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल मुळीच नसते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये हाडांतून काढलेल्या जिलेटिनचे सूप गरिबांना आणि रुग्णांना मांसाच्या जागी देण्याची मोठी चळवळ झाली होती. त्या जिलेटिनवर भागते का, हे तपासण्यासाठी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने शरीरशास्त्रज्ञ फ्रान्स्वा मजांदी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. नुसत्या जिलेटिनवर ठेवलेली कुत्री जगू शकत नाहीत, असा निष्कर्ष तिने १८४१ च्या अहवालात मांडला. तेव्हा सूप हे डाळ, अंडी, मांस किंवा दूध यांच्या जोडीला द्यावे, त्यांच्या ऐवजी देऊ नये.

तरीही वडिलांना सूप देण्यात अर्थ आहे. वय झाल्यावर भूक मंदावते, चावणे त्रासाचे होते. अशा वेळी गरम, चवदार सूप घशाखाली उतरते आणि त्यात शिजवलेले मांस, भात किंवा भाज्या घालून जेवणाची भर घालता येते. रक्तदाबामुळे मीठ अगदी बेताचे ठेवावे, आणि विकतचे चौकोनी ठोकळे मुळीच वापरू नयेत, कारण त्यांत मिठाचे प्रमाण भरपूर असते. त्यांना मूत्रपिंडाचा विकार किंवा गाऊट असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. मांस आणि हाडे दीर्घकाळ शिजताना प्युरिन आणि पोटॅशियम सुपात उतरतात, आणि या रुग्णांना तेच मोजूनमापून घ्यावे लागतात.

प्रश्न : सूप रात्री तयार होते. पातेले तसेच झाकून ओट्यावर ठेवते आणि सकाळी पुन्हा उकळून फ्रीजमध्ये ठेवते. उकळल्यावर सगळे जंतू मरतात, तेव्हा यात काही धोका नाही ना?

उत्तर : धोका आहे. आजच्या सगळ्या उत्तरांत मला हे उत्तर सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ही सवय अनेक घरांत आहे. उकळण्याने जिवंत जंतू मरतात हे खरे; पण क्लॉस्ट्रिडियम पर्फ्रिंजेन्ससारख्या काही जिवाणूंचे बीजाणू उकळी सहन करतात. झाकलेले मोठे पातेले सावकाश निवू लागते, तेव्हा कितीतरी तास ते या बीजाणूंना हव्या त्या उबेत राहते. ४३ ते ४७ अंशांच्या आसपास हा जिवाणू साधारण दर दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. उकळीमुळे सुपातली हवाही कमी झालेली असते आणि त्याला हवा नकोच असते. त्यात सूप म्हणजे प्रथिनांनी भरलेले पाणी. सकाळी पुन्हा उकळल्याने त्यांतले बरेच जिवाणू मरतीलही, पण स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि बॅसिलस सेरियस यांची काही विषे उकळल्यानेही नष्ट होत नाहीत. अशा सुपाला वास येईलच किंवा चव बदलेलच असे नाही. रात्रभर बाहेर राहिलेले सूप ओतून द्यावे, हाडे कितीही महाग असोत.

नियम असा आहे की गरम सूप पहिल्या दोन तासांत २१ अंशांच्या खाली आणि त्यानंतरच्या चार तासांत ५ अंशांच्या खाली गेले पाहिजे. घरी हे अवघड नाही. आच बंद करताच हाडे गाळून काढावीत, कारण तापलेली हाडे उष्णता धरून ठेवतात. सूप दोन-तीन पसरट भांड्यांत वाटावे. परातीत किंवा सिंकमध्ये बर्फाचे पाणी घेऊन त्यात ही भांडी ठेवावीत आणि अधूनमधून स्वच्छ डावाने ढवळावे. या टप्प्यावर ढवळण्याने काही बिघडत नाही. पाणी कोमट झाले की बदलावे. अर्ध्या-पाऊण तासात सूप फ्रीजमध्ये ठेवण्याजोगे होते. कढत पातेले थेट फ्रीजमध्ये ठेवले तर मधले सूप गरमच राहते आणि शेजारचे दूध-दही मात्र तापते.

रात्री जागणे शक्य नसेल तर वेळापत्रकच बदलावे. सकाळी चढवलेले सूप संध्याकाळी उतरते आणि जेवणाच्या वेळेपर्यंत गार होते. झोपताना चालू आचेवर पातेले ठेवून देऊ नये, हे वेगळे सांगायला नको. फ्रीजमध्ये सूप तीन ते चार दिवस टिकते. वर जमलेली चरबी वापरण्याच्या दिवसापर्यंत तशीच राहू द्यावी, मात्र तिच्या भरवशावर मुदत वाढवू नये. त्याहून जास्त दिवस ठेवायचे असेल तर एका वेळेला लागेल तेवढे डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवावे. गोठताना सूप फुगते, म्हणून डब्यात वर बोटभर जागा सोडावी. तिथे ते तीन-चार महिने चांगले राहते. वापरताना लागेल तेवढेच काढून चांगली उकळी आणावी.

प्रश्न : आठ महिन्यांच्या बाळाला हे सूप देता येईल का?

उत्तर : वरचे खाणे सुरू झालेल्या बाळाला बिनमिठाचे, चरबी काढलेले, बारीक गाळणीतून दोनदा गाळलेले सूप चमचा-दोन चमचे खिमटात किंवा कुस्करलेल्या भाजीत मिसळून देता येते. वर्षाच्या आत मीठ घालू नये. बाटलीत भरून दुधाच्या जागी मात्र कधीही देऊ नये, कारण पोट सुपाने भरते आणि त्यातून बाळाला ना पुरेशी चरबी मिळते ना पुरेशी प्रथिने. घरातल्यांसाठी केलेल्या सुपातून बाळाचा वाटा मीठ घालण्याआधीच काढून ठेवावा.

प्रश्न : सूप झाल्यावर उरलेली हाडे कुत्र्याला घालावीत का?

उत्तर : घालू नयेत. शिजलेले हाड ठिसूळ होते, त्याच्या टोकदार कपच्या निघतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुतू शकतात. कोंबडीच्या हाडांचा धोका अधिक. हाडांवर मऊ मांस राहिले असेल तर ते हाताने सोडवून, एकही कपची नाही याची खात्री करून द्यावे, पण सुपात कांदा किंवा लसूण घातला असेल तर तेही नको आणि ते सूपही नको, कारण या दोन्हींमुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होऊ शकतात. कुत्र्यासाठी सूप हवे असेल तर कांदा, लसूण आणि मीठ घालण्यापूर्वी वेगळ्या भांड्यात काढावे.